चौथा उद्गार

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ईस्टरनंतर आपल्या अंकात शहरातल्या चर्चमधल्या उपासनांची बातमी आली. 'भक्तिमय वातावरणात', 'हर्षोल्हासात' असे शब्द त्यात होते. ते खरेच होते, पहाटेच्या उपासनेला मीही हजर होतो. पण त्याआधीच्या शुक्रवारी दुपारी जे घडलं ते बातमीत येण्यासारखं नव्हतं, म्हणून हे पत्र.

गुड फ्रायडेला आमच्याकडे बारा ते तीन उपासना असते. प्रभू येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. यंदा माझ्या नावापुढे चौथा उद्गार आला. 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' मी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना फोन लावला, म्हटलं हा मला जमणार नाही, पहिला द्या, क्षमेचा. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "काका, हा तुमच्याशिवाय कुणाला देऊ?"

त्यांना सगळं ठाऊक होतं. 2021 च्या मे महिन्यात माझी पत्नी कोरोनाने गेली. अकरा दिवस ऑक्सिजनवर होती. मंडळीने, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांनी, पाळीपाळीने अखंड चालणारी साखळी-प्रार्थना लावली होती. रात्री दोन वाजतासुद्धा कुणी ना कुणी गुडघ्यावर होतं. ती गेली. जुलैत पूर आला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, पाणी 56 फुटांवर गेलं, आणि आमचं घर तळमजल्यावर. पाणी उतरल्यावर कपाटाच्या खालच्या खणात तिचं पवित्र शास्त्र, बायबल, सापडलं, फुगून दुप्पट झालेलं, चिखलाने माखलेलं. टाकवेना. पानापानांत आपल्याच दैनिकाचे जुने अंक फाडून घातले आणि पंख्याखाली ठेवलं. सकाळी ओले कागद काढायचे, कोरडे घालायचे, संध्याकाळी परत तेच. पंधरा दिवस हा उद्योग चालला. त्यातल्या स्तोत्रसंहितेची पानं एकमेकांना पार चिकटली होती. सागवानाची एक चिपटी पातळ तासून घेतली आणि तिने एकेक पान सोडवत गेलो.

सोडवता सोडवता वाचत होतो. जन्मापासून मंडळीत आहे, पण ती स्तोत्रं अशी सलग कधी वाचली नव्हती. दीडशेपैकी तिसरा हिस्सा तरी गाऱ्हाणीच आहेत. तेराव्यात भक्त देवाला सरळ विचारतो, किती काळ मला विसरून राहणार? किती काळ तोंड लपवणार? अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एक ओळसुद्धा नाही. आमच्या घरांत भिंतीवरच्या कॅलेंडरवर तेविसावं स्तोत्र असतं, मेंढपाळाचं. अठ्ठ्याऐंशीवं मी अजून कुणाच्या भिंतीवर पाहिलेलं नाही. तरी ते त्याच पुस्तकात आहे, कुणी गाळलं नाही.

खरं सांगायचं तर त्या मे महिन्यापासून प्रार्थनेला बसलं की समोर कुणी आहे असं मला वाटत नाही. पूर्वी वाटायचं. आता पहाटे उठतो, एक स्तोत्र मोठ्याने वाचतो, 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणतो, आणि खोलीत फक्त पंख्याचा आवाज असतो. हे मंडळीत सांगायची सोय नसते. साक्ष द्यायला उभं राहिलेला माणूस देवाने काय काय केलं ते सांगतो. देव बोलेनासा झालाय, असं कोण सांगणार? एका धर्मबंधूंना विश्वासाने बोललो, तर म्हणाले, "विश्वासात कुठंतरी कमी पडलं असेल, तपासून बघा." मी तपासलं. वर्षभर तेच केलं. माझ्या अविश्वासामुळे ती गेली का, या विचाराने किती रात्री गेल्या, ते मलाच माहीत. ते बंधू दुष्ट नाहीत, त्यांना माझी रिकामी जागा बघवली नाही इतकंच.

रिकाम्या जागेविषयी मला थोडं कळतं. पस्तीस वर्षं उद्यमनगरात लाकडी पॅटर्न केले, म्हणजे धातूचे भाग ओतण्यासाठी लागणारे नमुने. पॅटर्नभोवती वाळू ठासायची, मग तो हलके ठोकून, जराही न हलवता वर उचलायचा. मागे राहते ती पोकळी, तिच्यातच पुढे वितळलेला धातू ओततात. चांगला मोल्डर, म्हणजे साचा करणारा, ती जपतो, कडेची वाळू ढासळू देत नाही. ती पोकळी भरायची घाई कुणी केली तर साचा वाया. माझ्या पोकळीत पुढे काही ओतलं जाईल की नाही, मी सांगू शकत नाही. पण येणाऱ्या-जाणाऱ्याने त्यात मूठ मूठ वाळू टाकू नये, एवढं नक्की वाटतं.

मदर तेरेसा गेल्यानंतर दहा वर्षांनी, 2007 मध्ये, त्यांची खासगी पत्रं प्रसिद्ध झाली. वर्षानुवर्षं देव जवळ असल्याचं जाणवत नाही, आत अंधार आहे, असं त्यांनी त्यांत लिहिलं होतं. तेव्हा आमच्यातल्या पुष्कळांना धक्का बसला होता. मलाही. आता त्याच पत्रांचा मला आधार वाटतो. त्या तशाच अंधारात रोज पहाटे उठून प्रार्थनेला बसत होत्या आणि मग रस्त्यावरच्या माणसांकडे जात होत्या.

तर त्या शुक्रवारी मी उभा राहिलो. भाषण लिहून नेलं होतं, ते खिशातच ठेवलं. तिचं पवित्र शास्त्र उघडून बाविसावं स्तोत्र वाचलं, कारण प्रभूचा तो उद्गार तिथूनच आलाय. मग एवढंच म्हणालो, "टाकून दिलंस असं म्हणतानाही त्याने 'माझ्या देवा' म्हटलं. मला सध्या तेवढंच म्हणता येतं. बाकी काही येत नाही." आणि खाली बसलो. दहा मिनिटं दिली होती, चारही लागली नसतील.

उपासना संपल्यावर बाहेर चपला घालत होतो, तर कोयरमध्ये गाणारी एक बाई जवळ आली. म्हणाली, "काका, मी सहा वर्षं नुसतं गाते." पुढे तिला बोलता येईना. मग एक कॉलेजचा मुलगा आला. मग आमच्या मंडळीच्या वडीलजनांपैकी एक, जे प्रार्थनेला उभे राहिले की सगळी मंडळी भारावते. त्यांनी नुसता हात धरला, बराच वेळ. चार दिवसांत पाच माणसं भेटली. त्या बाकांवर इतकी वर्षं आम्ही शेजारी शेजारी बसत होतो.

आपला अंक आमच्या बहुतेक घरांत येतो, म्हणून इथे लिहितोय. ज्यांना देव लांब गेल्यासारखा वाटतो आणि त्या लाजेने ज्यांनी चर्चला येणं सोडलं, त्यांनी परत यावं. मी का जातो, असं मुलाने विचारलं होतं. शिष्य पेत्राने प्रभूला दिलेलं उत्तरच मी त्याला दिलं, "आम्ही कोणाकडे जाणार?" मला दुसरं घर माहीत नाही, आणि या घराचा धनी बोलत नाही म्हणून मी उंबरा सोडणार नाही.

मंडळीतल्या बाकीच्यांना हात जोडून एकच विनंती. कुणी असं काही सांगितलं तर त्याचा विश्वास मोजायला बसू नका. त्याच्या घरी जा, चहा घ्या, त्याच्यासोबत एक स्तोत्र वाचा. तेविसावंच पाहिजे असं नाही.

मी उजव्या बाजूला, शेवटून दुसऱ्या बाकावर, खिडकीपाशी बसतो. शेजारची जागा तिची होती, ती मोकळी असते. कुणीही येऊन बसावं. बोललंच पाहिजे असं काही नाही.

आपला,
एक नियमित वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर
(नाव-पत्ता सोबत दिला आहे, कृपया छापू नये.)