नवजात कक्षातील भरती: पदे मोजण्याआधी पाळ्या मोजा

महोदय,

नवजात अतिदक्षता कक्षासाठी विशेष प्रशिक्षित परिचारिका नेमताना पहिली चूक हिशेबात होते. आठवड्याचे तास १६८. चाळीस तासांच्या कामाने एक जागा चोवीस तास भरायला ४.२ जणी लागतात. रजा, आजारपण, प्रशिक्षण धरले की पाच. व्हेंटिलेटरवरच्या बाळामागे प्रत्येक पाळीला एक परिचारिका हवीच, आणि पदे मंजूर होतात ती मात्र खाटा मोजून!

निवड केवळ तोंडी मुलाखतीवर नको. उमेदवाराला ९०० ग्रॅमच्या बाळाचा औषधाचा डोस काढायला सांगा. दशांशचिन्ह एक घर सरकले तर दहापट औषध जाते. सरावाच्या बाहुल्यावर पिशवी-मास्कने (हाताने दाबून श्वास देण्याच्या साधनाने) मिनिटाला ४० ते ६० श्वास देताना छाती उचलते का, ते पाहा. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला जादा प्राणवायू दिल्यास डोळ्याच्या पडद्याला इजा होऊ शकते, म्हणून रक्तातला प्राणवायू दाखवणाऱ्या मॉनिटरच्या अलार्मची वरची मर्यादा ती का लावते, हेही विचारा.

सगळ्यात संतापजनक प्रकार पुढे घडतो. नाळेतून नळी घालताना मदत करण्यापर्यंत तयार झालेली परिचारिका सर्वसाधारण बदलीत दुसऱ्या वॉर्डात जाते आणि कक्षात पुन्हा नवखे हात येतात. या पदांना स्वतंत्र संवर्ग, वेगळा भत्ता आणि किमान तीन वर्षे बदलीतून सूट द्यावी.

– नवजात शुश्रूषा क्षेत्रातील काही वाचक