रोखलेल्या धावा

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा आवाज उतरलेला होता. बेसबॉलच्या टीममध्ये कोच तुला शॉर्टस्टॉपला, दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधल्या फिल्डिंगच्या जागी, उभं करतात, पण बॅटिंगला नवव्या, म्हणजे शेवटच्या, नंबरवर पाठवतात, याचं तुला फार लागलेलं दिसतं. आई म्हणाली, त्याला थोडा वेळ दे. पण मला राहवेना, म्हणून लिहायला बसलो.

आपल्या सेंट लुईसच्या संघाच्या, कार्डिनल्सच्या, शॉर्टस्टॉप ऑझी स्मिथचा पुतळा तू लहानपणापासून बुश स्टेडियमबाहेर पाहत आलास. पुतळा करणाऱ्याने त्याला बॅट घेऊन उभा केलेला नाही; चेंडूसाठी आडवा झेपावलेला दाखवला आहे. त्या माणसाचं आयुष्य मी या आठवड्यात पुन्हा नीट वाचलं. तुला ते कळावं असं फार वाटतं.

जन्म १९५४ चा, अलाबामातल्या मोबील गावचा. सहा भावंडांतला दुसरा. घरचे लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीत राहायला गेले. १९६५ मध्ये तिथे दंगल उसळली तेव्हा हे सगळं कुटुंब जमिनीवर झोपायचं. त्याच वस्तीत हा मुलगा घरासमोरच्या सिमेंटच्या पायऱ्यांवर चेंडू आपटायचा आणि परत आलेला पकडायचा. जमायला लागलं की एक पाऊल पुढे सरकायचा, म्हणजे हात हलवायला वेळ आणखी कमी. कधी जमिनीवर उताणा पडून डोळे मिटून चेंडू वर फेकायचा आणि झेलायचा. छपरावरून चेंडू पलीकडे टाकून, घराला वळसा घालून तो पडायच्या आत पकडायचा, असाही त्याचा खेळ होता. तो मात्र त्याला कधीच साधला नाही, तरी तो धावत राहिला. मला त्याच्या सगळ्या विक्रमांपेक्षा हा धावणारा पोरगा जास्त आवडतो.

कॉलेजच्या टीममध्येही त्याला बोलावणं नव्हतं. कॅल पॉली या कॅलिफोर्नियातल्या कॉलेजात तो स्वतःहून मैदानावर गेला. उजव्या हाताने खेळणारा हा मुलगा डाव्या हाताने बॅटिंग करायला शिकला तोही तिथेच, कोचच्या सांगण्यावरून.

१९७८ मध्ये तो सॅन दिएगो पाद्रेस संघाकडून मोठ्या लीगमध्ये, म्हणजे व्यावसायिक बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेत, उतरला. पहिल्याच एप्रिलमध्ये समोरच्या संघाच्या जेफ बरोजने मारलेला एक चेंडू मधून चालला होता. ऑझी डावीकडे झेपावला, आणि तो हवेत असतानाच चेंडू वेडावाकडा उसळून त्याच्या मागे गेला. त्याने उघडा उजवा हात मागे टाकून तो पकडला, उठला आणि पहिल्या बेसवर फेकून बरोजला बाद केलं. तू शॉर्टस्टॉपला उभा राहतोस, तेव्हा यात काय काय आहे ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल. बॅटर पहिल्या बेसवर पोचायला चार-साडेचार सेकंद घेतो. पकडणं, उठणं, फेकणं, सगळं तेवढ्यात.

आणि बॅटिंग? १९७९ मध्ये पहिल्या ३२ वेळा उभा राहून त्याला एकही हिट मिळाली नाही. वर्षअखेरची सरासरी .२११, म्हणजे शंभरात जेमतेम एकवीस हिट. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९८० मध्ये, त्याने ६२१ असिस्ट केले, म्हणजे चेंडू अडवून-फेकून इतक्यांदा समोरच्याला बाद करायला हात लावला. एका हंगामात इतके त्याआधी कुठल्याही शॉर्टस्टॉपने केले नव्हते. बॅट अजून दुबळीच होती, पण संघ त्याला बाहेर बसवू शकत नव्हता. त्याने रोखलेल्या धावा स्कोअरबोर्डवर लागत नाहीत, पण समोरच्या संघाच्या खात्यातून त्या कमी झालेल्याच असतात.

हे मुंबईकरांना वेगळं सांगावं लागत नाही. एकनाथ सोलकरचे वडील हिंदू जिमखान्याचे माळी होते. फॉरवर्ड शॉर्ट लेगला, बॅटपासून हातभर अंतरावर, हेल्मेटशिवाय उभं राहून त्याने २७ कसोटींत ५३ झेल घेतले. बेदीच्या, चंद्रशेखरच्या, प्रसन्नाच्या कित्येक विकेट त्याच्या हातातून गेल्या. माझे वडील त्याचं नाव बॅट्समनांच्या आधी घ्यायचे, आणि माझ्या मते ते बरोबरच होतं.

१९८२ मध्ये व्यवस्थापक व्हायटी हर्झॉगने ऑझीला कार्डिनल्सकडे आणलं, आणि त्याच वर्षी संघाने वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोठ्या लीगची अंतिम मालिका, जिंकली. आता १४ ऑक्टोबर १९८५ ऐक. वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या मालिकेतला डॉजर्सविरुद्धचा पाचवा सामना, धावांची २-२ बरोबरी, नववी म्हणजे शेवटची इनिंग. पिचर टॉम नीडनफ्युअर, ऑझी डाव्या बाजूने उभा. त्या बाजूने ३००९ वेळा बॅटिंग करूनही त्याने मोठ्या लीगमध्ये एकही होमरन, म्हणजे मैदानाबाहेर जाणारा फटका, मारली नव्हती. ती त्या क्षणी मारली आणि सामना संपला. कॉलेजात शिकलेली ती डावी बाजू इतक्या वर्षांनी कामाला आली. त्याच हंगामात त्याचा खांदाही दुखावलेला होता. शस्त्रक्रिया टाळून, हाताचे स्नायू बळकट करत तो खेळत राहिला. १९८७ मध्ये तर एकही होमरन न मारता त्याने .३०३ ची सरासरी गाठली आणि लीगच्या सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात दुसरा आला.

१९८० ते १९९२ सलग १३ गोल्ड ग्लव्ह, म्हणजे सर्वोत्तम फिल्डिंगचे पुरस्कार. १९९६ मध्ये निवृत्ती, तोवर २४६० हिट्स आणि ५८० चोरलेले बेस (हिट नसताना धावून गाठलेला पुढचा बेस). २००२ मध्ये मतदानाच्या पहिल्याच फेरीत हॉल ऑफ फेम, बेसबॉलमधला सर्वोच्च मान. एकूण होमरन किती माहीत आहे? २८.

तुझ्या कोचना मी एकच विचारलं असतं, पण ते तूच विचार: डाव्या बाजूने खेळायला शिकवाल का? तू अजून फर्स्ट इयरला आहेस. शिकायचं वय हेच. हिवाळ्यात घरी आलास की तळघरात जाळी लावू. चेंडू मी टाकीन. खांद्याला बर्फ लावत जा आणि रात्री नीट जेव. आईने मेतकूट पाठवलंय, मिळालं की कळव.

तुझा,
बाबा