तारीख तेवढी सोडू नकोस

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र कालच मिळाले. सलग तिसऱ्या वर्षी तुम्ही सणाच्या सुट्टीच्या दिवशी रस्त्यावरची शर्यत घेतलीत, परंतु धावणारे पन्नासच्या पुढे गेले नाहीत, म्हणून पुढच्या खेपेस ती एखाद्या ‘सोयीच्या’ रविवारी न्यावी असे समितीत चालले आहे, हे वाचून राहवले नाही.

संख्येने खचू नकोस. अमेरिकेतील बफलो शहरात १८९६ साली थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे तिथल्या नोव्हेंबरातल्या सणाच्या, दिवशी सहाच जण धावायला उभे राहिले आणि त्यांतले चौघे शेवटपर्यंत पोहोचले; आज तीच आठ किलोमीटरची दौड हजारो लोक धावतात. तिथल्याच अटलांटा शहरात ४ जुलैला, त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, होणारी दहा किलोमीटरची पीचट्री शर्यत १९७० साली अवघ्या ११० जणांनी पूर्ण केली होती. तिथल्या टी-शर्टची गंमत तुला आवडेल: त्याचे चित्र शर्यतीच्या दिवसापर्यंत गुपित ठेवतात आणि तो मिळतो शर्यत पूर्ण करणाऱ्यालाच. तुमच्यासारखा नावनोंदणीच्या टेबलावर आधीच वाटून टाकत नाहीत!

सर्वांत बोलके उदाहरण मात्र ब्राझीलमधल्या साओ पावलो शहराचे आहे. ३१ डिसेंबरची साओ सिल्व्हेस्त्रे शर्यत १९२५ साली मध्यरात्रीच्या सुमारास सुरू झाली. पुढे ती दुपारी आली, मग सकाळी आली, मार्ग आणि अंतरही अनेकदा बदलले, परंतु वर्षाचा शेवटचा दिवस तिने सोडला नाही. तेव्हा वळणावरच्या गर्दीमुळे तुम्हाला मार्ग बदलावा लागला, तर खुशाल बदला. रविवार मात्र कुणाच्याच लक्षात राहत नाही. सणाला बाहेरगावची मुले घरी आलेली असतात, रस्त्यावर वाहने कमी असतात, आणि एरवी कधीही न पळणारा काका पुतण्याच्या आग्रहाने बूट घालतो. हा माणूस तुम्हाला इतर कोणत्याही दिवशी मिळणार नाही.

वेळ मोजणाऱ्या चिपचा खर्च मला अजून अनाठायी वाटतो. पन्नास जणांना दोन घड्याळे आणि एक वही पुरते. त्यापेक्षा चौकाचौकांत उभे राहणारे स्वयंसेवक वाढवा आणि शेवटचा धावपटू येईपर्यंत शर्यत संपते तिथली कमान उतरवू नका; यंदा ती आधीच उतरवली, असे तूच लिहिले आहेस, आणि ते मला मुळीच रुचले नाही.

पुढच्या वर्षी मी येतो आहे. गुडघा धावू देणार नाही, तेव्हा पाण्याच्या टेबलावर माझी जागा धरून ठेव.

तुझा,
जुना जोडीदार