दापोडीच्या काकांना, कॅनडातल्या मिसिसॉगाहून

तीर्थस्वरूप काका,
सा. न. वि. वि.

तुम्ही पुण्याला परतलात त्याला तीन महिने होत आले. मध्ये दोनदा फोन झाला, पण दोन्ही वेळा मी "गाडी छान चालतेय" एवढंच म्हटलं आणि तुम्ही "मग झालं तर" म्हणून फोन काकूंकडे दिलात. सांगायचं ते राहूनच गेलं. म्हणून हे पत्र. ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण प्लग-इन हायब्रिड, म्हणजे घरी चार्ज करून विजेवर आणि गरज पडली तर पेट्रोलच्या इंजिनावर चालणारी गाडी, चालवणारी आपली बरीच माणसं इथे आहेत आणि जानेवारीपासून मार्चपर्यंत मी जे सोसलं ते त्यांच्यापैकी कुणाच्या वाट्याला येऊ नये.

जानेवारीत पारा उणे अठराला गेला त्या आठवड्यात गाडीच्या पडद्यावर पहिल्यांदा ती ओळ आली: इलेक्ट्रिक मोड उपलब्ध नाही. बॅटरी पूर्ण भरलेली, आणि तरी स्टार्टचं बटण दाबताच इंजिन सुरू. सर्व्हिस सेंटरमधून फोनवर सांगितलं, थंडी आहे, असं होतंच. ते खोटं नव्हतं. कडाक्याच्या थंडीत बॅटरी पुरेशी ताकद देत नाही, आणि आतली माणसं उबदार ठेवायला माझ्या गाडीला इंजिनचीच उष्णता लागते. मी गप्प बसले.

माझी प्रयोगशाळा घरापासून १८ किलोमीटरवर. जाऊन-येऊन ३६. गाडी विजेवर पन्नासेक किलोमीटर जाते, म्हणजे रोजचं सगळं येणं-जाणं विजेवर. इथे ऑन्टॅरिओ प्रांतात रात्री ११ ते सकाळी ७ या वेळेचा सर्वांत स्वस्त दर आम्ही घेतलाय, तेव्हा तो युनिटला २.८ सेंट होता. गॅरेजमधल्या साध्या सॉकेटवर रात्रभरात दहा युनिट भरले, तर इतर आकार सोडून २८ सेंट. त्याच अंतराला आता रोज तीन लिटर पेट्रोल जात होतं. घरात एकाचाच पगार चालू होता तेव्हा. ही गाडी आम्ही हा हिशेब मांडूनच घेतली होती, काका.

मार्चमध्ये पारा दहा अंशांवर आला. हीटर बंद केला, काचेवर वारा सोडणारा डीफ्रॉस्टर बंद केला. इंजिन सुरूच. मग मी वाचायला लागले. इंजिन क्वचितच चालणाऱ्या गाडीत ते नीट तापत नाही, त्यामुळे तेलात पेट्रोल आणि ओलावा साठत जातो. तो उडून जावा म्हणून गाडी आपणहून इंजिन चालवते, आणि पेट्रोल टाकीत फार दिवस पडून राहिलं तरी तेच करते. तेल बदलून घेतलं. टाकी संपवून ताजं पेट्रोल भरलं. फरक शून्य. शेवटी गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. तिथे तपासणीचे पैसे घेऊन सांगितलं की गाडीच्या संगणकात बिघाडाची कुठलीही नोंद, म्हणजे फॉल्ट कोड, नाही, मोठ्या बॅटरीची वेगळी तपासणी करावी लागेल, आणि ती बदलायची वेळ आली तर खर्च हजारो डॉलरचा. प्रश्न मी विचारत होते आणि काउंटरवरचा माणूस उत्तरं माझ्या नवऱ्याकडे बघून देत होता. त्या दिवशी घरी येताना मी रडले, हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

आणि मग ३० मार्चला पाडव्याच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत तुम्ही भेटलात. लेकीकडे सहा महिन्यांसाठी आलेले, एसटीच्या दापोडी कार्यशाळेत ३१ वर्षं इलेक्ट्रिशियन. मी कुणाला तरी गाडीचं रडगाणं सांगत होते, ते तुमच्या कानावर पडलं. तुम्ही "असली गाडी मी उघडलेली नाही" हे आधीच सांगून टाकलंत. आणि मग विचारलंत, "पोरी, जानेवारीपासून गाडीत आणखी काय बंद पडलंय?"

तीन महिन्यांत हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. मी नाही म्हणणार होते. मग आठवलं, घरात बसून किल्लीने गाडी सुरू करायची सोय बंद पडली होती. किल्लीतला सेल संपला असेल म्हणून मी तो बदललाही होता, तरी चालेना, आणि एवढ्या मोठ्या दुखण्यापुढे ते किरकोळ वाटून मी विसरून गेले होते. तुम्ही ताट हातात धरून तसेच उभे राहिलात. म्हणालात, "दोन दुखणी नसतील. एकच असेल. पुस्तक आहे का गाडीचं?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या ओट्याशी बसून आपण ते पुस्तक वाचलं. मी वाचून मराठीत सांगायचं, तुम्ही कालनिर्णयच्या मार्चच्या पानामागे लिहायचं. डावीकडे, इंजिन आपणहून का चालू राहतं त्याची कारणं. उजवीकडे, किल्लीने गाडी का सुरू होत नाही त्याची. बॅटरी कमी, फार थंडी, हीटर, डीफ्रॉस्टर, तेल, पेट्रोल... दोन्ही यादींत असलेली एकच गोष्ट निघाली: बॉनेट उघडं असणं. ते पान मी जपून ठेवलंय. त्या शब्दाभोवती तुम्ही काढलेलं गोल इतकं दाबून काढलंय की पुढच्या बाजूला उमटलंय.

बॉनेट तर घट्ट बंद होतं. पण गाडीला ते कळतं कुलपातल्या छोट्या स्विचवरून, आणि स्विचच बिघडला तर बंद बॉनेटही तिला उघडंच दिसणार. मग तुम्ही कारण समजावलंत, तेही किती सोपं करून. विजेवर उभी असलेली गाडी निःशब्द असते. कुणी वाकून आत हात घातला आणि इंजिन अचानक फिरलं तर बोटं जातील. म्हणून बॉनेट उघडं दिसलं की माझी गाडी इंजिन चालूच ठेवते, म्हणजे माणूस आवाजाने सावध राहतो, आणि दुरून किल्लीने सुरू व्हायला तर साफ नकार देते. तीन महिने मी त्या गाडीला शिव्या देत होते, आणि ती कुणाची तरी बोटं वाचवायला बघत होती.

पुढचं काम तासाभराचं, पण मला त्यातलं सगळं लख्ख आठवतं. तुम्ही अंगठी आणि घड्याळ काढून काकूंच्या हातात दिलंत. नारिंगी वायर दिसतील तिथे हात न्यायचा नाही, ती मोठ्या बॅटरीची वीज, ती शिकलेल्या माणसाचीच, असं मला दोनदा बजावलंत. काकूंनी टॉर्च धरला. कुलपाखालचा कनेक्टर काढला तर पिना हिरव्या पडलेल्या. रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकतात त्या मिठाचा प्रताप. वीज आरपार जाते का ते आवाजाने सांगणारा मीटर मी तुमच्यापुढे केला, आणि तुम्ही तो घेतला नाहीत. "तूच लाव," म्हणालात.

माझे हात थरथरत होते. मी दोन्ही टोकं पिनांना टेकवली, तुम्ही स्क्रूड्रायव्हरने कुलूप दाबलंत, सोडलंत, पुन्हा दाबलंत. मीटरचा आवाज बदलायला हवा होता. तो बदललाच नाही. कनेक्टर स्वच्छ करूनही नाही. "सापडला," तुम्ही म्हणालात, इतक्या हळू की जणू कुणी झोपलंय.

नव्वद डॉलरचं नवं कुलूप चार दिवसांनी आलं. जुनं सैल करण्याआधी तुम्ही त्याच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारायला लावलीत, नाहीतर नवं तिरकं बसतं आणि बॉनेट नीट लागत नाही. दोन बोल्ट. तेही मीच आवळले. मग मी गाडीत बसून बटण दाबलं आणि काहीच ऐकू आलं नाही. फक्त हिरवं 'रेडी'. काच खाली केली तर काकू विचारत होत्या, "सुरू झाली का?"

१ एप्रिल २०२५पासून इथे पेट्रोलवरचा कार्बन आकार, म्हणजे प्रदूषणापोटी लागणारा सरकारी आकार, निघाला, लिटरला १७.६ सेंट कमी झाले. ऑफिसातली एक मैत्रीण म्हणाली, आता एवढी धडपड कशाला करायची होती? तिला मी काय सांगणार? मला पेट्रोल वाचल्याचा आनंद आहेच. पण सकाळी सातला आमच्या गल्लीतून कुणाची झोप न मोडता गाडी बाहेर काढते तेव्हा दर वेळी मला तुमचं "तूच लाव" ऐकू येतं. त्या काउंटरवर मी जे काही गमावून आले होते ते तुम्ही माझ्या हातात परत दिलंत, आणि त्यासाठी मी तुमची जन्मभर ऋणी आहे.

एक बातमी. जुलैत पलीकडच्या घरातली फिलिपिनो बाई अशीच हवालदिल होऊन आली. तिचीही प्लग-इन, कंपनी वेगळी, पण रोज सकाळी इंजिन सुरू. मी तिला तुमचा प्रश्न विचारला. तिचं बाकी काही बंद पडलं नव्हतं. मग उलटं विचारलं, जास्तीचं काय चालू आहे? दमट हवेने काच धुरकटते म्हणून समोरचा डीफ्रॉस्टर तिने सतत चालू ठेवला होता. तो बंद केला आणि इंजिन थांबलं. तिने आणून दिलेल्या केकचा अर्धा वाटा तुमचा होता.

दम्याच्या गोळ्या वेळेवर घेताय ना? काकूंना माझा नमस्कार सांगा. आणि एक राहिलं. ते जुनं कुलूप तुम्ही बॅगेत घालून दापोडीला घेऊन गेलात, आत नक्की काय अडकलंय ते सावकाश उघडून बघतो म्हणून. उघडलंत का? काय निघालं ते लिहून कळवा. जमल्यास चित्र काढून.

तुमची,
मिसिसॉगाची पोरगी