१००/९० वॅटचे बल्ब आणि जळालेले वायरिंग : बल्ब बनवणाऱ्या कंपनीला तक्रार पत्र

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : आपल्या १००/९० वॅट एच-४ (हेडलाइटच्या) बल्बमुळे गाडीचे होल्डर व वायरिंग जळाल्याबाबत आणि खोक्यावरील दिशाभूल करणाऱ्या मजकुराबाबत.

महोदय,

"बल्बमध्ये दोष आढळला नाही, बसवणाऱ्याच्या चुकीमुळे नुकसान झाले" असे एका वाक्याचे उत्तर देऊन आपल्या विभागाने माझी तक्रार परस्पर बंद केली आहे. हे उत्तर मला मान्य नाही. जळालेला होल्डर कोणी मागवून पाहिला नाही, बल्ब कोणी तपासला नाही, मग दोष नाही हे ठरले कशावरून?

मी हडपसरला राहतो. आई सासवडला असते, त्यामुळे कामावरून सुटल्यावर दिवे घाटातून जाणे-येणे नेहमीचेच. समोरून येणाऱ्या गाड्यांच्या झगमगाटात आपल्या गाडीचा उजेड रस्त्यावर पडतो की नाही हेच कळत नसे, म्हणून नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानातून आपले बल्ब रीतसर बिल करून घेतले. गाडीला कंपनीचे ६०/५५ वॅटचे, म्हणजे अप्परला (लांबचा झोत) ६० आणि डिपरला (जवळचा झोत) ५५ वॅटचे बल्ब होते. आपल्या खोक्यावर समोरच मोठ्या अक्षरांत लिहिले आहे की बल्ब थेट बसवा, वायरिंगमध्ये काही बदल करावा लागत नाही. दुकानाच्या फिटरने नेमके तेच केले. जुना बल्ब काढला, त्याच होल्डरमध्ये नवा बसवला. आपण ज्याला बसवणाऱ्याची चूक म्हणता, ती आपल्याच खोक्यावर छापलेली सूचना आहे.

पुढे काय झाले ते सांगतो. सासवडहून आईला घेऊन परत येताना घाटाच्या उतारावर जळक्या प्लॅस्टिकचा वास येऊ लागला. वळणावरच उजवा दिवा गेला आणि डावा लुकलुकायला लागला. मागून भरलेला ट्रक, एका बाजूला दरी, शेजारी सत्तरी ओलांडलेली आई. इंडिकेटर चालू ठेवून, कडेकडेने, एका टेम्पोच्या मागोमाग गाडी खाली आणली. त्या वळणावर दोन्ही दिवे एकदम गेले असते तर काय झाले असते, याचा विचार आपण एकदा तरी करावा.

दुसऱ्या दिवशी ऑटो इलेक्ट्रिशियनने बॉनेट उघडून होल्डर ओढला तर तो निघेना. डिपरच्या पिनेभोवतीचे प्लॅस्टिक वितळून बल्बला चिकटून बसले होते. पक्कडीने काढल्यावर पिन निळसर-काळी पडलेली दिसली आणि होल्डरमागच्या वायरचे इन्सुलेशन बोटभर लांब कडक होऊन तडकलेले. हात लावला की त्याचा भुगा होत होता. डॅशबोर्डखालचा लाईटचा स्विचही आतून भाजला होता. फोटो सोबत जोडले आहेत, ते कृपया मोठे करून पाहावेत.

यात गूढ काही नाही, साधा हिशेब आहे. बारा व्होल्टवर ५५ वॅटचा डिपर साधारण साडेचार अँपिअर करंट ओढतो, ९० वॅटचा साडेसात. अप्परला हेच पाच अँपिअरवरून आठच्या पुढे जाते. वायरीत आणि पिनेच्या जोडात तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे अप्परवर ती पावणेतीनपट होते. गाडी बनवणाऱ्याने वायर, होल्डर आणि स्विच ६०/५५ धरून दिलेले असतात. त्यात शंभरचा बल्ब घातला की सगळ्यात कच्चा जोड आधी तापणार. फ्यूज का उडाला नाही, असे आपल्या माणसाने मला फोनवर विचारले. माझ्या गाडीत प्रत्येक दिव्याला दहा अँपिअरचा वेगळा फ्यूज आहे, त्यामुळे आठ अँपिअरला तो उडणारच नाही. होल्डर मात्र तेवढ्यावर तासन्‌तास भाजत राहतो.

इलेक्ट्रिशियन म्हणाले, "साहेब, शंभर-नव्वद रिलेशिवाय कुणी लावत नाही." रिले म्हणजे डॅशबोर्डच्या स्विचमधल्या हलक्या करंटवर चालून दिव्यांचा जड करंट चालू-बंद करणारा वेगळा स्विच. बॅटरीपासून जाड वायर, मध्ये फ्यूज आणि रिले, सिरॅमिकचे होल्डर, असे केले की दिव्यांचा करंट स्विचमधून जातच नाही. गल्लीतल्या मेस्त्रीला जे ठाऊक आहे ते बल्ब बनवणाऱ्या कंपनीला ठाऊक नसेल, असे मी मानायला तयार नाही.

खोक्याच्या तळाशी, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत, हे बल्ब सार्वजनिक रस्त्यावर वापरण्यासाठी नाहीत असेही छापले आहे. एच-४ या मान्य प्रकाराची वॅटेज ६०/५५ अशीच ठरलेली आहे, हे आपल्याला माहीत आहे म्हणूनच ती ओळ तिथे आली. मग दर्शनी भागावर हायवेचे चित्र कशासाठी?

आता मी नवे होल्डर आणि रिले लावून पुन्हा ६०/५५ चेच बल्ब बसवले आहेत. पूर्वी बॅटरीजवळ पावणेचौदा व्होल्ट असताना होल्डरवर जेमतेम बारा पोचत होते. आता जवळपास पूर्ण पोचतात आणि घाटात पुरेसा उजेड पडतो. गिऱ्हाईकाला खरी गरज या सल्ल्याची होती. तो देण्याऐवजी आपण जास्त वॅटचा बल्ब विकलात.

माझी मागणी अशी : बल्ब, दोन होल्डर, स्विच आणि वायरिंगच्या दुरुस्तीचा बिलाप्रमाणे पूर्ण खर्च मला मिळावा. "वायरिंगमध्ये बदल नको" हा मजकूर खोक्यावरून काढावा, हे बल्ब रस्त्यावरच्या गाड्यांसाठी नाहीत ही सूचना दर्शनी भागावर मराठी-हिंदीत ठळक छापावी आणि दुकानदारांकडे पडून असलेला माल परत मागवावा. पैशांइतकाच मी या दुसऱ्या मागणीवर ठाम आहे, कारण हेच खोके आजही काउंटरवर विकले जात आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८४ नुसार योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दलचा इशारा नसेल, तर उत्पादक नुकसानीस जबाबदार ठरतो. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. जळालेले होल्डर आणि दोन्ही बल्ब मी जपून ठेवले आहेत. तपासायचे असल्यास आपला माणूस पाठवावा, माझ्यासमोर तपासणी करू द्यायला माझी हरकत नाही.

कळावे,

आपला ग्राहक,
हडपसर, पुणे

सोबत : खरेदीचे बिल, दुरुस्तीचे बिल, होल्डर व वायरिंगचे फोटो, खोक्याच्या सर्व बाजूंचे फोटो, आपल्या विभागाचे उत्तर.