मेलबट आणि युन्मी

कॅथरीन, नॉर्दर्न टेरिटरी, ऑस्ट्रेलिया
१८ मे

ती. आबांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही पाठवलेला मेसेज वाचला. इथले आदिवासी मूळचे आपल्या दक्षिणेकडचे, होड्यांनी इकडे आलेले, वगैरे. चार हजार वर्षांपूर्वी भारतातून काही लोक इकडे आले असावेत, असं २०१३ सालच्या एका जनुकीय अभ्यासात म्हटलं होतं खरं. पण २०१६ मध्ये इथल्या पुरुषांच्या वाय गुणसूत्रांचा बारकाईने अभ्यास झाला, त्यात त्याला आधार मिळाला नाही. ही माणसं निदान पन्नास हजार वर्षं इथलीच आहेत. तेव्हा तो मेसेज काकाला पाठवू नका, तो गावभर करेल.

दुसरा प्रश्न, त्यांची भाषा कोणती. आबा, एक नव्हेच! इंग्रज आले तेव्हा अडीचशेच्या वर होत्या. त्यातही खंडाच्या जवळजवळ सात-अष्टमांश भागात एकाच भाषाकुळातल्या. हे कूळ पाच-सहा हजार वर्षांपूर्वी उत्तरेच्या कार्पेंटारिया आखाताकडून पसरलं, असं अभ्यासक मानतात. आमच्या या उत्तरेच्या पट्टीत मात्र वीसेक वेगळी कुळं दाटीवाटीने नांदत होती.

ते झालं आपल्या पायांनी गेलेल्यांचं. हलवलेल्यांचं निराळं असतं, हे कोयनेच्या पाण्याने उठवलेल्या माणसाला मी काय सांगणार?

इथून पूर्वेला रोपर नदीवर नुकुर नावाचं गाव आहे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला त्या भागात गुरांच्या कुरणांसाठी माणसं टिपून मारली. १९०८ मध्ये तिथे मिशन निघालं आणि जीव वाचवायला मारा, अलावा, नांडी अशा सात-आठ भाषांची माणसं एका जागी आली. मोठ्यांना एकमेकांच्या भाषा येतच होत्या. पोरांना मात्र वसतिगृहात ठेवलं. त्यांच्यात सामाईक काय, तर गुराख्यांची मोडकी इंग्रजी. पोरांनी तिचीच पुरी भाषा केली, क्रिओल.

दवाखान्यात मी ती रोज ऐकते. सुरुवातीला वाटायचं, इंग्रजी चुकतंय बिचाऱ्यांचं. मग एक दिवस एक आजीबाई म्हणाल्या, उद्या मेलबट मासे धरायला जाणार. मी लगेच विचारलं, किती वाजता निघायचं? सगळे खो खो हसले. मेलबट म्हणजे आम्ही, त्यात मी नाहीच! माझं तोंड पडलेलं बघून त्या म्हणाल्या, बरं, युन्मी. म्हणजे तू नि मी, आपण दोघी. इंग्रजीत या दोन्हींना एकच 'वी'. जुन्या भाषांमधला आम्ही-आपणचा भेद पोरांनी नव्या भाषेत आणला, तोही इंग्रजीच्याच शब्दांत: 'यू' आणि 'मी' जोडून युन्मी. (मासा मिळाला नाही. मगरीच्या भीतीने मी काठापासून लांबच होते.)

नैर्ऋत्येकडची गोष्ट याहून अलीकडची. १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून सरकारने येंडुमूच्या वार्लपिरी लोकांना ट्रकमध्ये घालून कित्येक शे किलोमीटर उत्तरेला, परक्या गुरिंजींच्या जमिनीवर नेऊन सोडलं. काही चालत परत गेले, त्यांना पुन्हा आणलं. त्या लाजामानू गावात आज तरुण मंडळी एक नवीच भाषा बोलतात. नामं आणि विभक्ती वार्लपिरीच्या, क्रियापदं इंग्रजी-क्रिओलची. मोठी माणसं तान्ह्यांशी बोलताना दोन्ही मिसळायची, मुलांनी त्या मिसळीला व्याकरण दिलं.

पण रोपरकाठची वारंडरंग बोलणारं आता कुणी उरलेलं नाही. क्रिओलचं कौतुक करताना माझ्याकडूनही हे राहून जातं.

एक काम करा. कोयनेकाठचं गाव सोडून रायगडात आल्यावर आजीने कोणते शब्द बोलायचे सोडले, ते तिला विचारा. कागदावर उतरवून पाठवा, फोनवर नको. फोनवर ती शुद्ध बोलायला लागते.

तुमची,
बेबी