ती. मामांस, ग्रेट बॅरिअर बेटावरून

शिरसाष्टांग नमस्कार.

आभार मानलेले तुम्हाला चालत नाहीत. "घरच्या माणसाचे कसले गो आभार?" म्हणत फोन बायकोकडे द्याल. म्हणून फोन न करता लिहिते आहे, आणि चारचौघांत लिहिते आहे.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. आमचं घर न्यूझीलंडच्या ग्रेट बॅरिअर बेटावर आहे. माओरी लोकांचं आओतेआ. ऑकलंडहून फेरीने साडेचार तास, छोट्या विमानाने अर्धा तास. बेट २८५ चौरस किलोमीटरचं, वस्ती हजाराच्या आसपास, निम्म्याहून जास्त जमीन राखीव जंगलाची. कारभार ऑकलंड महापालिकेचा, बांधकामाचा परवानाही तिचाच. पण वीज कंपनीची तार, सार्वजनिक नळ आणि गटार या तिन्ही गोष्टी बेटावर नाहीत. ज्याने त्याने आपापलं बघायचं.

जागा घेतली तेव्हा आम्ही दोघं खिडक्या कुठे, ओटा कुठे यावर वाद घालत होतो. तुम्ही मालवणहून व्हिडिओ कॉलवर जमिनीचा उतार बघितलात आणि म्हणालात, "आधी पाण्याचा बघ गो. घर काय, मागसून होतला." मग विचारलंत, पाऊस कुठल्या महिन्यात जास्त, ऊन कुठल्या महिन्यात कमी, आणि फेरी किती दिवस बंद राहू शकते. वीज मंडळात उभी हयात गेलेल्या माणसाने विजेचा प्रश्न दुसरा ठेवला, याचं तेव्हा नवल वाटलं होतं.

आता इथे राहिल्यावर कळतं. या बेटाला ऊन आणि पाऊस एकदम मिळत नाहीत. जून-जुलैत टाक्या भरून वाहतात, पण सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम तीस अंश वर येतो आणि दिवस साडेनऊ तासांचा. जानेवारीत वीज इतकी की तिचं करायचं काय, आणि पाणी मात्र जपून. म्हणजे वीज मोजायची हिवाळ्याच्या हिशेबाने आणि पाणी उन्हाळ्याच्या. तुमचं गणित सोपं होतं: एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. घर पंचेचाळीस चौरस मीटरचं, पण पडवी धरून छप्पर साठचं झालं ते तुमच्यामुळे. आर्किटेक्टला पडवी नुसती बसायला वाटत होती. तुम्हाला ती पागोळ्या धरायला हवी होती. पंचवीस हजार लिटरच्या दोन टाक्या त्या छपराच्या जिवावर भरतात.

आणि मग तुम्ही आलात. सहा महिन्यांचा व्हिसा, बॅगेत एक एलआयसीची जुनी डायरी आणि पारदर्शक प्लास्टिकच्या नळीचं भेंडोळं. मला वाटलं, नळी कशाला? टाकीच्या ओट्याची आणि पन्हळीची लेव्हल बघायला! बिल्डरकडे लेझर होता. तुम्ही नळीत पाणी भरून एक टोक त्याच्या हातात दिलंत, दुसरं टोक खांबाला लावलंत, बुडबुडा निघेपर्यंत नळीवर टिचक्या मारत बसलात. दोघांचं माप तंतोतंत जुळलं. एखाद्याने यावरून जुनं ते सोनं म्हटलं असतं. तुम्ही लेझरच्या प्रेमात पडलात आणि परत जाताना तो कितीला मिळतो हे विचारून गेलात.

डायरी अजून माझ्याकडे आहे. एका पानावर तीन रकाने: वस्तू, वॅट, तास. आमच्या यादीची बेरीज दिवसाला बारा युनिटच्या पुढे गेली होती. तुम्ही लाल पेनने इलेक्ट्रिक किटली खोडलीत, गिझर खोडलात, इंडक्शन खोडलंत, इस्त्रीवर थोडा वेळ रेंगाळलात आणि तीही खोडलीत. बाजूला लिहिलंत, "गरम करूचा काम विजेर घालू नको." बेरीज चारच्या खाली आली. फ्रिज, दिवे, पंप, राउटर, लॅपटॉप, वॉशिंग मशीन आणि मिक्सर, एवढंच उरलं. स्वयंपाक आणि आंघोळीचं पाणी गॅसवर, थंडीत लाकडाची शेगडी. त्या एका पानाने बॅटरीचा आकार निम्म्याहून खाली आणला, आणि बॅटरी हीच सगळ्यात महागडी वस्तू होती. तीन किलोवॉटची पॅनेलं आणि दहा युनिटची लिथियम बॅटरी यात दोन दिवस ढग राहिले तरी निभावतं. ज्याला असं घर बांधायचं आहे त्याने पॅनेलचा भाव विचारण्याआधी ते तीन रकाने भरावेत, असं मी आता भेटेल त्याला सांगते.

वायरिंगला तुम्ही हात लावला नाहीत. इथे ते परवानाधारक इलेक्ट्रिशियनने करायचं, हे कळल्यावर मुकाट्याने बाहेर खुर्ची टाकून बसलात. (मुकाट्याने म्हणजे तुमच्या मानाने.) पण पॅनेलं उत्तरेकडे तोंड करून लागताना बघून राहवलं नाही. कळत होतं, दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेला, तरी जन्मभराची सवय! दोन दिवस खिशातला कंपास काढून सावली बघत होतात. सूर्य उजवीकडून डावीकडे जातो याची तुम्हाला शेवटपर्यंत मौज वाटली.

सगळ्यात मोठं काम तुमचं वरच्या टाकीचं. इथल्या घरांत साधारण नळ उघडला की प्रेशर पंप सुरू होतो. रात्री हात धुवायचे तरी बॅटरीतून वीज. तुम्ही म्हणालात, लाइट गेली तरी नळ चालला पाहिजे. घरामागच्या चढावर, नळापेक्षा बारा मीटर उंच, हजार लिटरची छोटी टाकी बसवायला लावलीत. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो. शॉवरला फार नाही, पण पुरतो. पंप दुपारी उन्हात चालतो, टाकी भरली की बंद. मागच्या हिवाळ्यात इन्व्हर्टर बिघडला आणि सुटा भाग फेरीने यायचा, तर समुद्र खवळून फेरीच रद्द. अंधारात बसलो होतो, पण पाणी होतं. शेजारचे बघायला आले. त्यांनीही आता त्यांच्या उतारावर जागा हेरून ठेवली आहे.

स्टेनलेसच्या स्क्रूंवरून तुम्ही बिल्डरशी घातलेली हुज्जत मात्र फुकट गेली. तो आधीच तेच वापरणार होता. खारी हवा काय करते हे मालवणात आणि इथे सारखंच ठाऊक आहे. आणि जनरेटरबद्दल माझं मत वेगळं आहे ते आहेच. तुम्ही नको म्हणालात, मी छोटा घेतला, आणि जूनमध्ये आठवडाभर ढग बसले तेव्हा तो लागला. कंपोस्ट शौचालयाबद्दल पत्रात लिहू नको म्हणाला होतात, म्हणून लिहीत नाही.

आगोटीसारखी, म्हणजे पावसाळ्याआधी कोकणात करतात तशी, भरणी करायची सवय तुमच्यामुळे लागली. तांदूळ, डाळी, पीठ, फिल्टरची काडतुसं, गॅसची पंचेचाळीस किलोची एक बाटली कायम जादा. पावसाळ्यात होड्या बंद झाल्या की सिंधुदुर्ग किल्ल्यातली कुटुंबं कशी राहायची ते तुम्ही संध्याकाळी आमच्या शेजाऱ्यांना मोडक्या इंग्रजीत सांगायचात. चहूकडे खारा समुद्र आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव, गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. त्यांनी बदल्यात तुम्हाला कबुतरांची गोष्ट सांगितली. १८९४ मध्ये वैरारापा ही आगबोट या बेटाच्या कड्यावर आपटली, शंभराहून अधिक माणसं गेली आणि ऑकलंडला खबर पोचायला तीन दिवस लागले. त्यानंतर १८९७ मध्ये इथून कबुतरांची टपाल सेवा सुरू झाली. तिची वेगळी तिकिटंही निघाली. १९०८ मध्ये तारेची केबल आली आणि कबुतरं सुटली. ती गोष्ट तुम्ही आता मालवणात सगळ्यांना सांगता, असं मामी म्हणाल्या. कबुतरांची संख्या दर वेळी वाढते, असंही म्हणाल्या.

ओलं खोबरं इथे मिळत नाही, सुक्याचं वाटण मी दुपारी बाराला लावते. तेव्हा मिक्सर फुकटात चालतो.

येत्या जानेवारीत दोघंही या. पडवीच्या पश्चिमेच्या पन्हळीला दुसऱ्या टाकीचा पाइप जोडायचा राहिला आहे, तो तुमच्यासाठी ठेवला आहे. येताना विळी आणा. पाट लाकडाचा आहे, तेव्हा घासून पुसून कोरडा करा आणि विमानतळावरच्या फॉर्मवर लाकडी वस्तू म्हणून न विसरता लिहा, नाहीतर जबर दंड बसतो. लेझर मात्र आणू नका, इथे घेऊन ठेवला आहे.

तुमची भाची